वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल जोडताना येणारे त्रुटीसंदेश: नव्याने काम करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

संगणकावर वंशावळ नोंदवायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला पहिली मोठी अडचण बहुधा नावे किंवा तारखा भरताना येत नाही. ती येते जुने छायाचित्र, दाखल्याची स्कॅन केलेली प्रत किंवा एखादे हस्तलिखित पत्र त्या त्या व्यक्तीच्या नोंदीला जोडताना. फाइल डोळ्यांसमोर असते, फोल्डरमध्ये दोनदा टिचकी मारली की उघडतेही, आणि तरी सॉफ्टवेअर सांगते की फाइल सापडली नाही. अशा वेळी गोंधळून जाऊन पडद्यावर जी कळ दिसेल ती दाबली जाते, आणि मूळ अडचणीपेक्षा या घाईनेच जास्त नुकसान होते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या सावकाश करण्याच्या आहेत.

संदेश वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फाइल जोडली जाण्यासाठी सॉफ्टवेअरला ती आधी शोधावी लागते, मग उघडावी लागते, मग ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे लागते, आणि शेवटी तिची नोंद किंवा प्रत साठवावी लागते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर काम अडले, तर पुष्कळदा संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम नकार देते आणि वंशावळीचे सॉफ्टवेअर तो नकार स्वतःच्या ठरावीक शब्दांत आपल्यापर्यंत पोहोचवते. त्यामुळे संदेशातले शब्द आणि खरे कारण यांत अंतर पडते. काम कोणत्या टप्प्यावर अडले हे ओळखता आले, की संदेश कितीही चमत्कारिक असला तरी उपाय सापडतो.

संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या

काहीही दाबण्याआधी पडद्याचे चित्र घ्यावे किंवा संदेश शब्दशः लिहून ठेवावा. आकडे, कंसातला मजकूर आणि फाइलचा पत्ता हे भाग विशेष काळजीने उतरवावेत, कारण ‘फाइल नॉट फाउंड’ या शब्दांपेक्षा त्यांच्या खाली बारीक अक्षरांत दिलेला पत्ता जास्त बोलका असतो. तो पत्ता वाचल्यावर पुष्कळदा लगेच दिसते की सॉफ्टवेअर फाइल भलत्याच ठिकाणी शोधत आहे.

संदेशाच्या चौकटीत ‘रिमूव्ह’, ‘डिलीट लिंक’ किंवा ‘रिप्लेस’ अशी कळ असेल, तर ती सध्या दाबू नये. ‘कॅन्सल’ दाबून बाहेर पडावे आणि वंशावळीच्या मूळ फाइलचा बॅकअप घ्यावा.

लिंक आणि प्रत यांतला फरक आधी समजून घ्या

नवख्या वापरकर्त्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा असतो, की छायाचित्र जोडले म्हणजे ते वंशावळीच्या फाइलच्या आत जाऊन बसले. संगणकावर चालणारी बहुतेक सॉफ्टवेअर तसे करत नाहीत. रूट्समॅजिक आणि ग्रॅम्प्स ही दोन्ही आपल्या डेटाबेसमध्ये, म्हणजे वंशावळीच्या सगळ्या नोंदी जिथे साठतात तिथे, मूळ फाइल ठेवत नाहीत. छायाचित्र कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने ठेवले आहे एवढा पत्ता नोंदवून ठेवतात. फॅमिली ट्री मेकर जोडताना विचारते, की फाइलची प्रत आपल्या मीडिया फोल्डरमध्ये ठेवायची की मूळ जागेची फक्त लिंक करायची. ऑनलाइन वंशावळीत मात्र फाइल सर्व्हरवर अपलोड होते आणि तिची स्वतंत्र प्रत तिथे राहते.

यावरून उघड होते, की लिंकच्या पद्धतीत आपण नंतर फोल्डरचे नाव बदलले, छायाचित्रे दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली किंवा नवा संगणक घेतला, तर सॉफ्टवेअरजवळचा पत्ता जुनाच राहतो. छायाचित्र सुखरूप असते आणि संदेश मात्र ते हरवल्याचे सांगतो. आपले सॉफ्टवेअर यांपैकी काय करते हे त्याच्या मदत विभागात पहिल्याच दिवशी वाचून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

चाचणीची फाइल जोडून पाहा

आता एक साधी चाचणी करावी. एक लहान छायाचित्र घ्यावे, ते जेपीजी प्रकारचे आणि एक मेगाबाइटहून कमी आकाराचे असावे, त्याला लहान इंग्रजी अक्षरांत पाच-सहा अक्षरांचे नाव द्यावे आणि संगणकाच्या स्वतःच्या ड्राइव्हवरील सोप्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे. ज्या व्यक्तीच्या नोंदीत अडचण आली, त्याच नोंदीला ही फाइल जोडून पाहावी.

ती जोडली गेली, तर सॉफ्टवेअर ठीक आहे आणि दोष मूळ फाइलच्या नावात, जागेत, प्रकारात किंवा आकारात आहे. तीही जोडली गेली नाही, तर दोष परवानगीचा किंवा डेटाबेसचा असण्याची शक्यता जास्त. यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी मूळ फाइलची प्रत सोप्या फोल्डरमध्ये आणून पाहावी, मग त्या प्रतीचे नाव बदलावे, मग तिचा प्रकार. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर अडचण सुटेलही, पण ती कशामुळे होती हे कळणार नाही आणि पुढच्या फाइलला पुन्हा तोच त्रास होईल.

‘फाइल सापडली नाही’ असा संदेश आल्यास

हा संदेश सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याची कारणेही सर्वांत जास्त आहेत, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

पहिल्यांदा फाइल खरोखर कुठे आहे ते पाहावे. ईमेलमधून आलेले छायाचित्र तिथूनच उघडून जोडले असेल, तर ते तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते आणि काही काळाने पुसले जाते. विंडोजमध्ये झिप फाइल साध्या फोल्डरसारखी उघडते, त्यामुळे तिच्यातले छायाचित्र थेट जोडण्याचा मोह होतो. पण ते आधी बाहेर काढून कायमच्या जागी ठेवल्याशिवाय टिकाऊ लिंक होत नाही. पेनड्राइव्हवरून जोडलेल्या फाइलींचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होतो आणि पुढच्या वेळी पेनड्राइव्ह लावल्यावर ते अक्षर बदललेले असू शकते. वनड्राइव्हसारख्या सेवेत फाइलच्या शेजारी ढगाचे चिन्ह दिसत असेल, तर संगणकावर फक्त तिचे नाव आहे आणि मजकूर इंटरनेटवर आहे. अशा वेळी ‘क्लाउड फाइल प्रोव्हायडर इज नॉट रनिंग’ असा बुचकळ्यात टाकणारा संदेशही येतो. त्या फोल्डरवर उजवी टिचकी मारून तो कायम संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि सर्व फाइली उतरेपर्यंत थांबावे.

दुसरे कारण नावात असते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हे चालत नाहीत: अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ, दोन्ही दिशांच्या तिरप्या रेघा आणि दोन्ही कोनी कंस. वंशावळीच्या कामात यांतली दोन हमखास आडवी येतात. तारीख लिहिताना आपण तिरपी रेघ वापरतो, आणि छायाचित्रातील व्यक्ती नेमकी कोण याची खात्री नसली की नावापुढे प्रश्नचिन्ह टाकतो. मॅकवर किंवा लिनक्सवर असे प्रश्नचिन्ह खपून जाते, आणि तीच फाइल विंडोजवर आणली की अडते. तारीख १९३१-०५-१२ अशी, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने आणि आडव्या रेघेने लिहावी. फाइली आपोआप कालक्रमाने लागतात, हा त्याचा आणखी एक लाभ. शंका नोंदवायची असेल तर ‘अनिश्चित’ असा शब्दच लिहावा. नावाच्या अगदी शेवटी पूर्णविराम किंवा मोकळी जागा ठेवू नये, कारण विंडोज ती गाळते आणि मग नोंदवलेले नाव व प्रत्यक्ष नाव जुळत नाही.

तिसरे कारण लांबीचे. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची, म्हणजे ड्राइव्हचे अक्षर, सगळे फोल्डर आणि फाइलचे नाव मिळून, मूळ मर्यादा २६० वर्णांची आहे. विंडोज १० च्या २०१६ मधील आवृत्तीपासून ती वाढवण्याची सोय आली, पण त्यासाठी सिस्टिममधील सेटिंग बदलावे लागते आणि सॉफ्टवेअरही तशी तयारी असलेले असावे लागते. शाखा, उपशाखा, पिढी, कुटुंब असे फोल्डरांत फोल्डर करत गेले, की ही मर्यादा चटकन ओलांडली जाते. फोल्डरांची उतरंड दोन-तीन पायऱ्यांपुरती ठेवावी आणि बाकीचे वर्णन सॉफ्टवेअरमधील शीर्षकाच्या किंवा टिपेच्या रकान्यात लिहावे.

देवनागरीत नावे देणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. लिनक्सवर आणि लिनक्सवर चालणाऱ्या पुष्कळ साठवण-यंत्रांवर नावाची मर्यादा २५५ बाइटची असते, आणि अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘छायाचित्र’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. पण काना, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जात असल्यामुळे संगणकाच्या लेखी ती ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट होतात. विंडोजवर बिनतक्रार चालणारे लांबलचक मराठी नाव दुसऱ्या यंत्रावर नाकारले जाते ते यामुळे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या प्रमाण संगणकीय पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे मिळून. दोन्ही पडद्यावर अगदी सारखे दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था दुसरा प्रकार वापरते, तर टंकलेखनातून बहुधा पहिला प्रकार उमटतो. त्यामुळे अशा जुन्या मॅकवरून आणलेल्या फाइलीचे नाव आणि वंशावळीत नोंदलेले नाव सारखेच दिसत असूनही संगणकाला ते वेगळे वाटते. नाव पुन्हा पुन्हा तपासूनही चूक सापडत नसेल आणि नावात हे अक्षर असेल, तर फाइलचे नाव पुसून नव्याने टंकावे आणि लिंकही नव्याने करावी. युनिकोडच्या आधी घडवलेल्या काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे दिसतात. तिथे फाइलींना इंग्रजी अक्षरांत नावे देण्यावाचून इलाज नाही. माझे मत विचाराल तर फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत आणि आटोपशीर, व शीर्षक आणि वर्णन सविस्तर मराठीत, ही विभागणी सर्वांत निर्धोक आहे.

मोठ्या आणि लहान इंग्रजी अक्षरांचा भेदही लिनक्सवर धरला जातो, विंडोजवर सहसा धरला जात नाही. कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत लिहिलेले एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी फाइलच्या प्रकाराची अक्षरे, आपण लहान अक्षरांत नोंदवले असेल, तर एका संगणकावर चालणारी लिंक दुसऱ्यावर तुटते.

तुटलेली लिंक काढून टाकू नका, पुन्हा जोडा

फाइल हलवल्यामुळे लिंक तुटली असेल, तेव्हा नोंद काढून छायाचित्र नव्याने जोडणे सोपे वाटते. तसे करू नये. त्या नोंदीबरोबर आपण लिहिलेले शीर्षक, तारीख, छायाचित्रातील चेहऱ्यांच्या खुणा आणि त्या दाखल्याचा आधार घेतलेल्या घटनांशी असलेले दुवे हे सगळे पुसले जाण्याचा धोका असतो. रूट्समॅजिकमध्ये तुटलेल्या लिंक दुरुस्त करण्याची आणि फॅमिली ट्री मेकरमध्ये हरवलेल्या मीडिया फाइली शोधण्याची स्वतंत्र सोय आहे. ग्रॅम्प्समध्ये मीडिया मॅनेजर या साधनाने पूर्ण पत्ते सापेक्ष पत्त्यांत बदलता येतात, म्हणजे एक मूळ फोल्डर ठरवून बाकीचे पत्ते त्याच्यापासून मोजले जातात. नंतर सगळा संग्रह हलवला तरी फक्त मूळ फोल्डर बदलावा लागतो.

‘ॲक्सेस डिनाइड’ किंवा परवानगी नाकारल्याचा संदेश

हा संदेश आल्यावर फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी तर नाही ना, हे आधी पाहावे आणि ती बंद करावी. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांत जाण्यासाठी प्रत्येक सॉफ्टवेअरला परवानगी मागावी लागते. पहिल्या वेळी नकळत नकार दिला असेल, तर सेटिंगमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन ती द्यावी लागते.

विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाचे संरक्षण आहे. ते चालू असेल तर अनोळखी सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांत लिहिता येत नाही. यातली फसगत अशी, की परवानगी नाकारल्याचे न सांगता पुष्कळदा फाइल सापडली नाही असेच सांगितले जाते. फाइलची प्रत करताना हा संदेश येत असेल आणि नाव-पत्ता सगळे बरोबर असेल, तर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन आपल्या सॉफ्टवेअरला मुभा द्यावी. संपूर्ण संरक्षण बंद करू नये.

‘डेटाबेस इज लॉक्ड’ या संदेशाचा छायाचित्राशी संबंध नसतो. सॉफ्टवेअर दोनदा उघडले गेले आहे, किंवा डेटाबेसची फाइल आपोआप समक्रमित होणाऱ्या फोल्डरमध्ये आहे आणि त्या क्षणी ती सेवा तिला धरून बसली आहे, एवढाच त्याचा अर्थ. डेटाबेस साध्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि काम संपल्यावर त्याची प्रत क्लाउडवर पाठवावी.

‘अनसपोर्टेड फॉरमॅट’ किंवा ‘करप्ट फाइल’

एक्स्टेन्शन हे केवळ लेबल असते, हे इथे पक्के लक्षात घ्यावे. आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ पासून छायाचित्रे एचईआयसी या प्रकारात साठवली जातात आणि अनेक सॉफ्टवेअर तो प्रकार ओळखत नाहीत. अशा फाइलचे नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिले, तर आतला मजकूर बदलत नाही, उलट ती बिघडलेली असल्याचा संदेश येऊ लागतो. चित्र पाहण्याच्या प्रोग्राममध्ये ती उघडून ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्सपोर्ट’ने जेपीजी प्रत तयार करावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी. पुढच्या छायाचित्रांसाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडता येते.

विंडोज एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे नाव बदलताना आपण जेपीजी लिहिले की ते दोनदा होते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू यादीतून एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करून ठेवावा.

अभिलेखांच्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत बिघडलेली निघाली, तर तिचा आकार पाहावा. शून्य बाइट असेल तर उतरवणे अर्धवट राहिले आहे. आकार अगदीच लहान असेल, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचावी: खरी पीडीएफ टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी सुरू होते, आणि तिथे एचटीएमएल असे शब्द दिसले तर आपण दाखल्याऐवजी त्या संकेतस्थळाचे प्रवेशपान जतन केले आहे. प्रवेशाची मुदत संपलेली असताना उतरवले की असे होते. पुन्हा प्रवेश करून प्रत नव्याने उतरवावी.

आकार मोठा असल्याचा संदेश

ऑनलाइन वंशावळीत ४१३ हा आकडा दिसला तर पाठवलेली फाइल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, आणि ४१५ दिसला तर तिचा प्रकार स्वीकारला जात नाही. ए-४ आकाराचे पान ६०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके या बारकाईने, रंगीत स्कॅन करून टिफ या चित्रप्रकारात कॉम्प्रेस न करता ठेवले तर सुमारे १०० मेगाबाइटची फाइल होते. ३०० डीपीआयला ती चौथ्या हिश्शावर, सुमारे २६ मेगाबाइटवर येते. मोठी टिफ फाइल मूळ म्हणून घरी ठेवावी आणि जोडण्यासाठी वेगळी जेपीजी प्रत करावी.

‘या नावाची फाइल आधीच आहे’

सर्व संदेशांत मला हाच सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो चुकीसारखा दिसत नाही. कॅमेरे आपल्या छायाचित्रांना ०००१ ते ९९९९ असे क्रमांक देतात आणि पुढे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. दोन नातेवाइकांनी पाठवलेल्या दोन वेगळ्या छायाचित्रांचे नाव सहज एकच असू शकते. सॉफ्टवेअर आपल्या मीडिया फोल्डरमध्ये प्रत ठेवत असेल आणि आपण ‘रिप्लेस’ दाबले, तर आधीचे छायाचित्र पुसले जाते आणि त्या व्यक्तीच्या नोंदीत भलत्याच माणसाचा चेहरा दिसू लागतो. नेहमी दोन्ही ठेवण्याचा किंवा नवे नाव देण्याचा पर्याय निवडावा. जोडण्यापूर्वीच प्रत्येक फाइलला अर्थपूर्ण नाव दिले, तर हा प्रसंगच येत नाही.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वंशावळ नेताना

वंशावळीची देवाणघेवाण जेडकॉम या प्रकारच्या फाइलीने होते. १९८४ पासून चालत आलेल्या या साध्या मजकुराच्या फाइलीत छायाचित्रांचे फक्त पत्ते असतात, छायाचित्रे नसतात. म्हणून नातेवाइकाने पाठवलेली जेडकॉम फाइल उघडताच शेकडो मीडिया फाइली सापडत नसल्याचा संदेश आला, तर घाबरू नये. ते पत्ते त्यांच्या संगणकावरचे आहेत. त्यांच्याकडून मीडिया फोल्डर मागवावा, एका जागी ठेवावा आणि मग दुरुस्तीच्या साधनाने पत्ते बदलावेत. २०२१ मध्ये आलेल्या जेडकॉम ७.० मध्ये छायाचित्रांसह सगळे एकत्र बांधणारा जेडझिप हा प्रकार आहे, आणि ग्रॅम्प्समध्येही मीडियासह गठ्ठा निर्यात करता येतो. पण दोन्ही बाजूंच्या सॉफ्टवेअरला तो प्रकार वाचता येतो का, हे आधी विचारून घ्यावे.

मदत मागण्याची वेळ आली तर

इतके करूनही संदेश जात नसेल, तर जाणकाराला विचारताना संदेशाचे शब्दशः रूप, सॉफ्टवेअरची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, फाइलचा पूर्ण पत्ता, प्रकार व आकार, आणि चाचणीची फाइल जोडली गेली की नाही, एवढे एकत्र लिहून पाठवावे. पडद्याचे चित्र पाठवण्याआधी त्यात दिसणारी हयात व्यक्तींची नावे, जन्मतारखा आणि पत्ते झाकावेत. अडणारी फाइलही बरोबर पाठवायची असेल, तर ती झिप करून पाठवावी, कारण संदेशवहनाची अनेक ॲप छायाचित्र पाठवताना ते दाबून लहान करतात आणि पोहोचते ती वेगळीच फाइल असते, जी पलीकडच्या संगणकावर बिनतक्रार जोडली जाते.